पानदानाचं झाकण

आम्ही भोपाळला आलो ते हुकमावर, हौसेनं नव्हे. राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि सचिवालयातल्या माणसांची वाटणी झाली. काही मुंबईकडे, काही नव्या मध्य प्रदेशाकडे. आमचे हे भोपाळच्या वाट्याला आले. साधे कारकून, कारकुनाला कोण विचारतो? छप्पनच्या थंडीत दोन ट्रंका, एक वळकटी आणि देवांचा डबा घेऊन आम्ही स्टेशनवर उतरलो, तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि आपल्याला हिंदी येते असा माझा समज होता.

सरकारी क्वार्टर्स तेव्हा नुसत्या पायाच्या खुणा होत्या. जुन्या शहरात, तलावाकडून वर चढणाऱ्या एका गल्लीत आम्हाला जागा मिळाली. घराची मालकीण पन्नाशीची विधवा. गल्लीतल्या बायका तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागचं अंगण आणि त्याभोवतीच्या खोल्या खालांच्या. मधे एक दार होतं आणि त्याची कडी त्यांच्या बाजूला होती. खाला परदा पाळत. वर्षभर एका छपराखाली राहूनही ह्यांनी त्यांना पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी ह्यांना. काही सांगायचं झालं की दाराची फट उघडायची आणि मला हाक यायची, "दुल्हन!"

त्या मोहल्ल्यात गच्च्या बायकांच्या होत्या. रस्त्यावर बुरखा, पण वर मोकळं आकाश. मिरच्या वाळवायच्या, केस वाळवायचे, एका गच्चीवरून दुसरीवर गप्पा मारायच्या. पुरुषाला वर जायचं असलं, अगदी कौल बदलायला जरी, तर त्यानं पहिल्या पायरीवर उभं राहून "परदा!" म्हणून ओरडायचं आणि थांबायचं. आजूबाजूच्या चारी घरांतल्या बायका आत गेल्या की मगच पुढची पायरी. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात ह्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, आणि खोकला. आधी वाटलं, हवा मानवत नाही. भोपाळच्या हवेवर तर आम्ही नागपूरचे लोक सगळंच ढकलत असू, भाजी चिवट निघाली तरी. मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, क्षय.

आज हा शब्द ऐकून कुणी खुर्ची मागं सरकवत नाही. तेव्हा सरकवत. इंजेक्शनं निघाली होती, गोळ्या होत्या, 'पास' नावाच्या औषधाच्या पुड्या होत्या, माणसं बरी होऊ लागली होती. पण ही बातमी डॉक्टरांना कळली होती, घरमालकांना नव्हती. आमच्याच कचेरीतल्या एका माणसाचं सामान दोन दिवसांत रस्त्यावर आलं होतं. हे मला म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. मुदतीचा ताप आहे म्हणायचं." मीही मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजारी माणसाला मुठीत झाकता येत नाही एवढी अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती.

चार महिने आम्ही झाकलं. रस्त्याकडची खिडकी बंद, कारण खोकला बाहेर ऐकू जाईल. दार बंद, कारण कुणी डोकावेल. ज्या माणसाला हवा हवी होती त्याला मी स्वतःच्या हातानं पेटीत घातलं. ह्यांचा कप, ताट, वाटी वेगळी. ती मी वेगळ्या गंजात उकळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उकळल्याशिवाय भांडं दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. मी ते मंत्रासारखं धरलं.

आता जे सांगते ते ह्यांनाही मी पुष्कळ वर्षं सांगितलं नव्हतं. खाला सणावाराला काहीतरी पाठवत. आम्ही आल्यावरच्या पहिल्या ईदेला त्यांनी एका कल्हईच्या कटोऱ्यात जर्दा पाठवला, केशराचा गोड भात. मी तो गाईला घातला. त्यांच्या हातचं कसं खायचं, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. पाय आपोआप गाईकडे वळले. माझी आई असती तर तिनंही तेच केलं असतं, ही सबब मी स्वतःला देत आले आहे, पण ती सबबच आहे.

तर त्या हिवाळ्यात खालांनी पुन्हा जर्दा पाठवला. ह्यांना तीन दिवस अन्न जात नव्हतं. वासावर ते उठून बसले आणि म्हणाले, "दे." त्यांनी चार घास खाल्ले, तेही सरळ त्या कटोऱ्यातून. मी घाबरले. कटोरा खालांचा, परत जायचा त्यांच्या घरात! मी तो राखेनं घासला, गंजात टाकला आणि आमच्या खोल्यांमागच्या पडवीत शेगडीवर खळाखळा उकळत ठेवला. मधल्या दारावरच्या जाळीतून खाला पाहत होत्या हे मला माहीत नव्हतं.

उकळून उकळून कटोऱ्याची कल्हई काळवंडली. तो मी दारातून परत दिला. खालांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि दार लावलं. त्यानंतर आठ दिवस "दुल्हन" ही हाक आली नाही.

नवव्या दिवशी दुपारी फट उघडली. खालांचा आवाज एरवी मोकळा, जरा घोगरा, पानानं भरलेला. त्या दिवशी तो इस्त्री केल्यासारखा होता.

"दुल्हन, अपन ने तुम्हें घर दिया, बेटी समझा. मेरे कटोरे से तुम्हारा धरम जाता है? तो मेरी दीवारों से नहीं जाता? पहली तारीख तक दूसरा घर देख लो."

 आजार बाहेर पडून घर जाईल म्हणून आम्ही चार महिने श्वास धरून बसलो होतो, आणि घर चाललं होतं ते दुसऱ्याच कारणानं! गप्प राहिले तर पहिल्या तारखेला बाहेर. खरं सांगितलं तर कदाचित त्याच दिवशी. पण खरं सांगते, मला त्या क्षणी घराची काळजी वाटली नाही. मला लाज वाटली. कारण खालांचा आरोप ह्या कटोऱ्यापुरता खोटा होता आणि पहिल्या कटोऱ्यापुरता अगदी खरा होता.

"खाला," मी म्हणाले, "मेरा धरम नहीं जाता. आपकी जान जाती, इसलिए उबाला. मेरे मिस्टर को तपेदिक है."

 मला वाटलं, आता कडी लागेल. आतल्या खोलीत हे खोकले, नेहमीसारखे उशीत तोंड खुपसून.

"कब से?" खालांनी विचारलं.

"चार महीने."

"और चार महीने से उसको इस कोठरी में बंद करके रखा है?" त्यांचा आवाज असा चढला की मी मागं सरले. "खिड़की बंद, किवाड़ बंद! अरी नादान, मेरी छोटी बहन इसी घर में ऐसे ही गई. लोग क्या कहेंगे, लोग क्या कहेंगे. लोगों ने तो कुछ नहीं कहा, मिट्टी देने आए और खाना खाके चले गए."

मग पहिल्यांदा त्यांनी ते दार सताड उघडलं. गच्चीवर त्या फारशा येत नसत, म्हणून मी त्यांना आधी अर्धवटच पाहिलं होतं. आता पूर्ण पाहिलं. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर आठी आणि हातात अडकित्ता. "डॉक्टर ने क्या कहा है, पूरा बताओ," त्या म्हणाल्या आणि पडवीतच फतकल मारून बसल्या. मी सांगितलं: वर्षभर औषध, भरपूर अन्न, पडून राहणं, आणि सगळ्यात आधी ऊन आणि वारा. ते घरात नसेल तर आरोग्यधामात नाव घालायचं, पण तिथं खाट कधी रिकामी होईल ते सांगता येत नव्हतं.

खालांनी वर पाहिलं. "धूप और हवा तो छत पर है."

मी म्हटलं, "पर छत पर तो..."

"मुझे मालूम है छत पर क्या है," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बुरखा घातला आणि मला सोबत घेऊन शेजारच्या चारी घरांत गेल्या. मी समजत होते की त्या विनंती करतील. विनंती हा प्रकार खालांच्या स्वभावात नव्हता. प्रत्येक अंगणात त्या बसत, पान घेत, आणि एकच वाक्य बोलत: "मैं पूछने नहीं, बताने आई हूँ." माझ्या भाडेकरूला क्षय झाला आहे, तो आजपासून माझ्या गच्चीवर राहील आणि बरा होऊनच उतरेल, चारी बाजूंना माणसाच्या उंचीचे टाट, म्हणजे गोणपाटाचे पडदे, बांधले जातील. उतरत्या दुपारच्या असरच्या नमाजापासून दिवेलागणीपर्यंत तो गच्चीवरच्या खोलीत दार लावून बसेल, तेवढा वेळ गच्च्या तुमच्या. बाकीच्या वेळी तो दार उघडून बाहेर येण्याआधी इशारा करील. तीन घरांनी कुरकुरत का होईना, मानलं. चौथ्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, छूत लागली तर? खाला म्हणाल्या, "छूत बंद कमरे में लगती है, आसमान में नहीं." हे डॉक्टरांचं वाक्य नव्हतं, पण फारसं चूकही नव्हतं.

खरा विरोध झाला तो त्यांच्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा. ते समोरच्याच घरात राहत. गल्लीत उभं राहून त्यांनी सुनावलं की परक्या मर्दाला जनान्याच्या डोक्यावर बसवणं हे ह्या खानदानात झालेलं नाही, त्याला नागपूरला पाठवून द्या. खालांनी दारामागून उत्तर दिलं. "भाईजान, ये घर मेरे मेहर का है. किराएदार बीमार हुआ है, बेईमान नहीं हुआ." मेहर म्हणजे लग्नात नवऱ्यानं बायकोला दिलेलं स्त्रीधन, त्यात दिराला बोलायला जागा नव्हती. जेठांनी छत्री उघडली आणि ते निघून गेले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. खाला नंतर कितीतरी दिवस त्या छत्रीवरून हसत होत्या.

एक अडचण राहिली. इशारा करायचा कसा? डॉक्टरांनी ह्यांना मोठ्यानं बोलायची बंदी केली होती, "परदा!" म्हणून ओरडले असते तर पुन्हा रक्त. मी देवातली घंटा आणून दाखवली. खालांनी ती हातात घेऊन वाजवून पाहिली. "आवाज़ तो प्यारी है," त्या म्हणाल्या, "मगर लोगों को बात मिल जाएगी. मरीज़ को दवा चाहिए, मुक़दमा नहीं." मग आत जाऊन त्यांनी आपल्या पानदानाचं झाकण काढून आणलं. जड, पितळी, घुमटासारखं. त्यावर चमचा मारला की ठण्ण असा आवाज चार अंगणांत जाई. त्या दिवसापासून खालांची पानं ओल्या फडक्याखाली राहू लागली. भोपाळात पानदान उघडं असणं म्हणजे आपल्याकडं चूल उघड्यावर मांडण्यासारखं. आलेली प्रत्येक बाई विचारी, झाकण कुठं गेलं? खाला बोटानं वर दाखवत.

अशी आमची गच्चीवरची वस्ती सुरू झाली. वर एक कौलारू खोली होती, खालांच्या मालकांचे पतंग आणि मांजाच्या चरख्या तिच्यात धूळ खात पडल्या होत्या. त्या बाहेर काढून आम्ही खाट टाकली. सकाळी हे ठण्ण करत, चारी गच्च्यांवर पळापळ होई, मग ते बाहेर येऊन उन्हात पडून राहत. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर येई, तोही आधी खालून झाकण वाजवायला सांगे. उन्हाळ्यात खालांनी वाळ्याचे पडदे लावायला लावले आणि ते भिजवायचं काम मला दिलं. मी दमले की त्या म्हणत, "तुम पतली हो, मगर मरने वाली नहीं दिखतीं. उठो." असलं प्रेम मला माहेरी मिळालं नव्हतं.

खाण्याचं तर विचारूच नका. डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद आली पाहिजे. रोज दुपारी खालांकडून एक झाकलेलं पातेलं येई. त्यात पिवळसर, मिरीच्या वासाचं पाणी असे. मी विचारलं नाही, खालांनी सांगितलं नाही, आणि ह्यांनी एक थेंब ठेवला नाही. माझ्या सासूबाई पत्रात विचारत, पथ्य काय चाललंय? मी लिही, "कढण." खोटं नव्हतं.

भाड्याचा विषय त्या चौदा महिन्यांत खालांनी काढला नाही, म्हणून मीही इथं काढत नाही.

खालांची एक गंमत होती. ह्यांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण कान मात्र वर लावलेला असे. अंगणात बसून त्या सुपारी कातरत आणि मी जिना उतरले की हिशेब देत: "आज सुबह से ग्यारह बार खाँसे. कल सत्रह था." डॉक्टरांकडं वजनाचा तक्ता होता, आमच्याकडं खालांचा. दोन्हींत मला खालांचा जास्त खरा वाटे.

पावसाळ्याच्या तोंडाशी हा आकडा पुन्हा वर गेला. एका सकाळी रुमालावर लाल ठिपका दिसला. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "पुरे झालं. चार घरांच्या बायका माझ्यापायी आत कोंडून घेतात. कुणाच्या छपरावर असं मरायचं नाही. मला नागपूरला ने." मी समजावलं, रडले, भांडले. मला रडणाऱ्या बायकांचा राग येतो. त्या दिवशी मला माझाच फार राग आला. दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले आणि परत येते तो दारात टांगा उभा! ह्यांनी गल्लीतल्या कुणाला तरी खिडकीतून सांगून तो बोलावला होता, ट्रंक भरली होती, आणि पायऱ्या उतरून ते पुढच्या खोलीत खुर्चीत धापा टाकत बसले होते.

पुढच्या दाराला मात्र बाहेरून कुलूप होतं.

मधल्या दारामागून खालांचा आवाज आला. ह्यांच्याशी त्या पहिल्यांदाच थेट बोलत होत्या. "बेटा, ताला मैंने लगाया है. घर मेरा, ताला मेरा. बुरा मानना हो तो ऊपर जाकर मानो, धूप में."

हे म्हणाले, "खालाजान, मैं आप पर बोझ..."

"बोझ मैं बताऊँगी, तुम नहीं. मैंने चार घरों में जाकर ज़बान दी है कि लड़का ठीक होकर उतरेगा. अब तुम मुझे झूठा करोगे?"

 ह्यांनी उतरताना आणलेलं झाकण टेबलावरून उचललं, चमचा मारला आणि जिना चढू लागले. मी बाहेर कुलपाशी उभी राहून हे सगळं खिडकीतून पाहत-ऐकत होते, हातात दुधी भोपळा. टांगेवाला मला म्हणाला, "बाई, सवारी है कि नहीं?" मी म्हणाले, "नहीं है. जाओ." इतकी ठाम हिंदी मी त्याआधी बोलले नव्हते. त्या दिवसानंतर जायचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पाऊस त्या कौलांखाली काढला. औषध बदललं, ह्यांचं पोट बिघडलं, सावरलं. दिवाळीला खालांचा आकडा सातवर आला. थंडी पडली तेव्हा तीनवर. मग एक दिवस मी जिना उतरले तर खाला सुपारी कातरायची थांबून बसल्या होत्या. "आज एक भी नहीं," त्या म्हणाल्या, आणि लगेच मला दटावलं, "खड़ी क्या हो, नज़र लगाओगी? जाओ, काम करो."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि सांगितलं, आता खाली यायला हरकत नाही; औषध चालू ठेवा, पण ह्यांच्यापासून आता कुणाला धोका नाही. मी घरी येऊन आधी देवाला नमस्कार केला नाही. मधलं दार ठोठावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक, खाट, अंथरूण सगळं खाली आलं. वर फक्त हे राहिले. मी अंगणात उभी होते. ऊन अंगणाच्या मध्यापर्यंत आलेलं. जिन्याच्या माथ्यावर उभं राहून ह्यांनी झाकणावर चमचा मारला, ठण्ण! चारी गच्च्यांवर पैंजणं वाजली, दारं लागली. खाला मात्र अंगणातच उभ्या राहिल्या. डोक्यावरची ओढणी त्यांनी सारखी केली, पण तोंडावर ओढली नाही.

"खाला," मी दबक्या आवाजात म्हटलं, "वो आ रहे हैं."

"मालूम है," त्या म्हणाल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "आ जाओ बेटा. आज परदा नहीं है. चौदह महीने से आवाज़ सुन रही हूँ, एक बार देख तो लूँ किसको बचाया."

हे वर थबकले. मग एक एक पायरी उतरू लागले, कुणाचा हात न धरता, पोटाशी ते झाकण घेऊन. मान खाली. खाला त्यांना डोक्यापासून पायांपर्यंत पाहत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच मोडलेली पाहिली. शेवटच्या पायरीवर हे थांबले, झाकण जमिनीवर ठेवलं आणि खालांच्या पायांच्या दिशेनं वाकून नमस्कार केला. मग तसेच मान खाली घालून पुढच्या खोलीत गेले. खालांनी झाकण उचललं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि पानदानावर बसवलं.

मी आत आले. हे खुर्चीत बसले होते, दम लागला नव्हता.

"पाहिलंत त्यांना?" मी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. "बघायचं त्यांना होतं."